लाभ, दोन, तीन

अक्का,

आज दुपारी नानांच्या ताटात मी तीन पोळ्या वाढल्या. चुकून नव्हे, त्यांना तीनच लागतात. तुम्ही या घरात आलात तेव्हापासून त्या तीन कधीच नव्हत्या. कडेला चौथीचा एक चतकोर तुकडा तुम्ही टाकायचात, नाना तो मुकाट्यानं वरणात बुडवून खायचे, आणि मी दर वेळी म्हणायचे, "तुकडा टाकल्यानं तिनाचे चार होत नाहीत अक्का, सव्वातीन होतात." तुम्ही म्हणायच्यात, "होऊ दे सव्वातीन. तीन तं नही ना?"

आज नाना ताटाकडे बघत बसले. पोळीला हात लावेनात. मी उठले, डब्यातली एक पोळी मोडली आणि तुकडा ताटात टाकला. मग जेवले. बहिणीला जाऊन महिनाही झालेला नाही, भावाला तेवढी सवलत द्यायला हवी. माझ्या मतात काही फरक पडला असा अर्थ तुम्ही काढू नका.

लिहायला बसले होते सई आणि निखिलला, आपल्या कुंदाच्या मुलांना. फोनवर सईनं विचारलं, "आजी, आई आम्हा दोघांना घेऊन कुठेही निघाली की पर्समध्ये सुपारी का टाकते? इथे कुणीच असं करत नाही. विचारलं तर म्हणते, आत्याआजीला विचारा. आता कुणाला विचारायचं?" ती सात समुद्रांपलीकडे वाढलेली मुलगी. तिच्या प्रश्नाला नीट, क्रमवार उत्तर द्यायचं म्हणून मी कागद घेतला, समास सोडला, पहिल्या ओळीत तुमचं नाव आणि नातं लिहिलं. पुढे सरकेना. तुमच्याबद्दल तिसऱ्या माणसाला सांगायची मला सवयच नाही. तुमच्याशी वाद घालायची आहे. म्हणून कागद बदलला. मुलांनी हेच वाचावं.

तुमचे नियम मला पाठ आहेत, मी ते कधी पाळले नाहीत तरी. घरातून एका कामाला तिघांनी निघू नये. निघावंच लागलं तर एक सुपारी बरोबर घ्यावी, ती चौथी. पहिली शिंक आली की थांबावं, दुसरी आली की निघावं. आहेराच्या पाकिटात वर एक रुपया हवाच. पंगतीला बसलेली माणसं मोजू नयेत, पानं मोजावीत. आणि धान्य, केळी, पापड, काहीही मोजताना पहिल्याला एक म्हणू नये. लाभ म्हणावं. लाभ, दोन, तीन.

फैजपूरला तुमच्या दिरांच्या केळीच्या बागेतून घड आला की तुम्ही अंगणात बसून फण्या सोडवायच्यात आणि मोजायच्यात: लाभ, दोन, तीन. लहानपणी कुंदा अंकगणिताच्या वहीतही एकच्या जागी लाभ म्हणायला लागली, तेव्हा मी तुमच्यावर रागावले होते. आठवतं ना? तुम्ही तिला मांडीवर घेऊन म्हणालात, "शाळामा एक म्हन. घरमा लाभ." तिला ते लगेच कळलं. शाळेत एक, घरात लाभ. मला मात्र ती दोन वह्यांची सवय कधी जमली नाही.

मी मिशनच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, धुळ्याला मुलींच्या शाळेत शिकवणारी. तुम्ही मराठी चौथीनंतर शाळा सोडलेली. तुम्ही मला कधी नावानं हाक मारली नाहीत. मास्तरीणबाई म्हणायच्यात. आधी मला तो टोमणा वाटायचा. होताच तो. पुढे पुढे त्यातला टोमणा झिजला आणि नाव तेवढं उरलं.

जळगावला जाताना एसटीत काय झालं ते मुलांना सांगायला हवं, नाहीतर त्यांना वाटेल की सगळे आकडे तुमचेच होते आणि मी त्यातून मोकळी होते. स्थळं बघायला येतील तेव्हा कुंदाला नेसायला साड्या हव्यात म्हणून आपण तिघी निघालो होतो. म्हणजे सुपारी आली. ती तुम्ही माझ्याच पर्समध्ये टाकलीत, मुद्दाम. बसमध्ये चढलो तर आपल्या जागा बारा, तेरा आणि चौदा. कुंदा खिडकीशी बाराला बसली. मी तेरा नंबरपाशी जरा घुटमळले आणि म्हटलं, "अक्का, तुम्ही बसा इथे, मी पलीकडे बसते." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

"का व माय? काटा शे का त्यावर?"

मग मला सांगावं लागलं. शाळेत आमच्या मडम होत्या, त्या तेरा आकडा टाळायच्या. एकदा माझा परीक्षेचा नंबर तेरानं संपणारा आला तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून, "बिचारी," म्हटलं होतं. पास झाले, चांगल्या मार्कांनी झाले. पण तो हात डोक्यावरून गेला नाही.

तुम्ही इतक्या हसलात की कंडक्टरनं मागे वळून बघितलं. "म्हणजे तुमच्या मडमेचं तेरा खरं, आणि मनी मायनं तीन खोटं?" आपल्या आईच्या तिनाची अशी बाजू घेऊन तुम्ही ऐसपैस तेरा नंबरवर बसलात. पारोळ्याच्या अलीकडे बसचं टायर बसलं. उन्हात रस्त्याच्या कडेला उभ्या राहून तुम्ही म्हणालात, "पाह्य, मडम बरोबर व्हती."

"टायर खिळ्यानं पंक्चर होतं, आकड्यानं नाही," मी म्हटलं.

"तुन्या पर्समा सुपारी व्हती म्हनीसन पंक्चरवर भागलं."

कुंदा आपल्या दोघींच्या मध्ये उभी राहून रुमालानं वारा घेत होती. म्हणाली, "आई, दोन्ही आकड्यांनी एकमेकांचा हिशोब मिटवला. आता रसवंती कुठे आहे ते बघा."

त्या दिवशी ती हसत होती, ते माझ्या लक्षात राहिलं, कारण त्या सुमाराला ती फारशी हसत नसे.

कारण असं होतं. मुलांना हे त्यांच्या आईनं सांगितलेलं नसणार. मला आधी तीन मुलगे झाले आणि तिघांच्या पाठीवर कुंदा. आपल्याकडे ओळीनं तीन मुलांवर मुलगी झाली किंवा तीन मुलींवर मुलगा झाला, तर त्या लेकराला तिखळ म्हणतात. त्याचा पायगुण वाईट, ते ज्या घरात असेल त्या घराला जड, असं मानतात. शांत करून घेतात. माझ्या सासूबाईंनी कुंदाची शांत करायला भटजी बोलावले, तेव्हा मी त्यांना चहा देऊन परत पाठवलं होतं. माझ्या मुलीच्या जन्मात शांत करण्यासारखं काही नव्हतं.

पुढे ती बी. एस्सी. झाली आणि स्थळं पाहायला लागलो, तेव्हा तो आकडा परत आला. पहिल्या स्थळानं भावंडं किती, मुलगी कितवी, एवढंच विचारलं. मी सरळ सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की या समजुतीला काही आधार नाही. ती माणसं फार अदबीनं ऐकत होती. चहा घेतला, पोहे घेतले, आणि पत्रिका जमत नाही असा निरोप पाठवला. दुसऱ्या स्थळानं तेवढीही तसदी घेतली नाही, दारातच एक म्हातारे गृहस्थ बोटांवर मोजत, "तिखळ ना?" म्हणाले. कुंदा पडद्याआड होती. त्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, मला पुन्हा बाहेर बोलावू नकोस. तू त्यांना शिकवतेस आणि मी तिथे फळ्यासारखी उभी असते."

ते वाक्य तुम्ही ऐकलंत, अक्का. तुम्ही स्वयंपाकघरात होतात. तुमच्या हातातली पोळी तव्यावर करपली, तेवढं मला आठवतं. तुम्ही पोळी करपवत नसायच्यात.

मग शिंदखेड्याचं स्थळ आलं. मुलगा पुण्याला इंजिनीयर झालेला, कुंदाला त्याच्या बहिणीच्या लग्नात बघितलेलं, तिलाही तो आवडलेला. हे एक स्थळ जायला नको होतं. ती बोलली नाही, पण आदल्या दिवशी तिनं केस धुतले, आणि बाहेर येते म्हणाली. मी ठरवलं होतं की या वेळी भाषण करायचं नाही. खोटंही बोलायचं नाही. विचारलं तर तीन भाऊ आणि ही, एवढंच.

जीपमधून मंडळी आली. मुलगा, त्याचे वडील, आई आणि वडिलांची आई. त्यांना सगळे मोठी माय म्हणत. नऊवारी, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. तुम्ही आणि त्या एकमेकींसमोर बसलात, दोघी खाली, सतरंजीवर, बाकीचे खुर्च्यांवर. पावसापाण्याचं झालं, कापसाचं झालं. कुंदानं पोहे आणले. मोठी मायनं तिचा हात धरून जवळ बसवलं, तिच्या बांगड्या बोटानं जरा फिरवल्या, आणि विचारलं, "पोर तीन भाऊसना पाठवरनी शे का?"

मी तोंड उघडलं. त्याच्या आत तुम्ही बोललात.

"आमना घरमा एक आंडेर जन्मनी व्हती. तापी नाव ठेवेल व्हतं. वाचनी नही."

आंडेर म्हणजे मुलगी, सई. आमच्या घरात एक मुलगी जन्मली होती, तापी नाव ठेवलं होतं, वाचली नाही.

नानांनी मान खाली घातली. मोठी मायनं चष्म्यातून तुमच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग हळूच विचारलं, "कितली मोठी व्हती व माय?"

तुम्ही पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतात. म्हणालात, "हासाले लागनी व्हती."

मोठी मायनं काठी बाजूला ठेवली आणि पुढे झुकून तुमच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग पोह्यांचं कौतुक झालं.

मंडळी गेली आणि मी तुम्हाला स्वयंपाकघरात गाठलं. आपलं इतकं मोठं भांडण त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही. मी म्हटलं, "तुम्ही मला मेलेल्या मुलीची आई करून टाकलंत."

"मी तुनं नाव घेतलं का?"

"त्यांनी तोच अर्थ घेतला."

"अर्थ त्यासना. शब्द मना. त्यात खोटं काय सांगं मी?"

मला ते कळलंच नाही. मला वाटलं, तुम्ही शब्दांचा खेळ करताय. मी म्हटलं, तिखळ हे थोतांड आहे, आणि त्याला उत्तर म्हणून, तीन मुलग्यांची ओळ मोडायला, तुम्ही एक मुलगी रचलीत म्हणजे ते थोतांड मान्य केलंत. हेच मला नको होतं. लोकांना सांगायला हवं की हे खोटं आहे, नाहीतर कधी सुटणार?

तुम्ही भांडी विसळत होतात. पाठमोऱ्याच म्हणालात, "तू त्यासले शिकाडत बस. तवलोंग पोर घरमाच बसी ऱ्हाई."

त्यांना शिकवत बस, तोवर मुलगी घरातच बसून राहील. याला माझ्याजवळ उत्तर होतं. अजूनही आहे. पण तेव्हा नाना दारात येऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "जरा बाहेर ये."

गॅलरीत त्यांनी मला सांगितलं. तापी तुमची होती.

तुमचं पहिलं बाळंतपण, साक्रीजवळच्या माहेरच्या घरी. नाना तेव्हा शाळेत जाणारे. ते म्हणाले, "अक्का मला तिला उचलू द्यायची नाही. म्हणायची, तू पाडशील. एकदा दिली. तिनं माझ्याकडे बघून हसून दाखवलं." मग ताप आला आणि ती गेली. तुम्ही फैजपूरला परत गेलात तेव्हा तिथे म्हणाले, पहिली मुलगीच तर होती, होईल दुसरं. दुसरं झालं नाही. तुमचे यजमान गेले. त्यानंतर कुणी तापीचं नाव काढलं नाही, कारण तुम्ही काढलं नाहीत, आणि तुम्ही काढलं नाहीत कारण कुणी विचारलं नाही.

मला या घरात लग्न होऊन येऊन तेव्हा पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती, अक्का. शेजारणी विचारायच्या, "तुमच्या नणंदेला मुलं किती?" आणि मी दर वेळी अगदी सहज सांगायचे, "त्यांना मूलबाळ नाही." तुम्ही शेजारी बसलेल्या असायच्यात. गहू निवडत. लाभ, दोन, तीन म्हणत.

मी आत आले तेव्हा तुम्ही भांडी पुसून पालथी घालत होतात. मी काहीतरी बोलायला हवं होतं. पण तुम्ही न वळता विचारलंत, "चहा टाकू का?" आणि मी हो म्हणाले. विषय तिथे मिटला. आपण दोघींनी तो पुन्हा उघडला नाही. तुम्हाला तो मिटलेला हवा होता की मी विचारावं असं वाटत होतं, हे मला आजही सांगता येत नाही.

शिंदखेड्याहून होकार आला. लग्न झालं. मी मात्र मनातून अस्वस्थ होते. माझी मुलगी एका गैरसमजाच्या आधारावर त्या घरात गेली, असं मला वाटत राहिलं. लग्नाआधी मी दोनदा विहीणबाईंना खरं सांगायला निघाले, आणि दोन्ही वेळा कुंदानं अडवलं. "आई, आत्यानं दिलंय ते परत करू नकोस," म्हणाली. तिला नानांनी सांगितलं होतं.

पहिल्या आखाजीला कुंदा माहेरी आली. मुलांनो, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. खानदेशात हा दिवाळीएवढा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झोके बांधतात, आणि त्याच दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून वर खरबूज ठेवतात. ती घागर मोठ्या माणसांची. हसायला लागलेल्या लेकराची घागर कुणी भरत नाही.

तुम्ही परातीत आंबे पिळत होतात. कुंदा चपला काढून सरळ तुमच्याजवळ जाऊन बसली. म्हणाली, "आत्या, सकाळी मोठी मायनं त्यांच्या घागरींच्या शेजारी एक लहानशी घागर मांडली. मला म्हणाली, ही तुना घरनी तापीनी. त्यावर खरबूज नको, लहान आहे, एक आंबा ठेव. मी ठेवला."

तुमचे हात रसात होते. तुम्ही कोय पिळत राहिलात, तिच्यात काही उरलं नव्हतं तरी. मग विचारलंत, "कोनता आंबा?"

"गावरानच होता. गोड."

"बरं," तुम्ही म्हणालात. आणि उठून हात धुवायला मोरीत गेलात, आणि पाण्याचा आवाज खूप वेळ येत राहिला.

त्यानंतर दर आखाजीला शिंदखेड्याला ती घागर भरली जायची. मोठी माय गेल्यावर विहीणबाई भरायच्या. कुंदा परदेशी गेल्यावरही. निरोप न चुकता यायचा, कधी पत्रात, कधी कुणाबरोबर: घागर भरली. तुम्ही तो निरोप ऐकून "बरं" म्हणायच्यात. मला वाटायचं, एका चुकीच्या समजुतीनं एक चांगली गोष्ट चाललीये, आता ती चालू द्यावी. हा माझ्या स्वभावाला धरून नसलेला विचार होता, पण मी तो केला.

परवा विहीणबाई समाचाराला आल्या होत्या. आम्ही दोघीच बसलो होतो. मला वाटलं, आता अक्का नाहीत, आता तरी हे मनावरून उतरवावं. मी सांगितलं की तापी माझी नव्हती.

विहीणबाई म्हणाल्या, "अहो, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी विचारलं, कसं काय? त्या म्हणाल्या, "जीप तुमच्या गल्लीतून बाहेरही पडली नव्हती, सासूबाई म्हणाल्या, 'ती आंडेर तिनी सोतानी शे.' ती मुलगी तिची स्वतःची आहे. मी विचारलं, कशावरून? तर म्हणाल्या, किती मोठी होती असं विचारल्यावर, ती नुसती आत्या असती तर तिनं महिने सांगितले असते. हसायला लागली होती, असं आईच सांगते."

"मग तिखळाचं?" मी विचारलं.

"ते त्या मानत होत्या. मरेपर्यंत मानत होत्या. पण त्या दिवशी म्हणाल्या, जी बाई आपलं मेलेलं लेकरू भाचीसाठी पुढे करते, तिच्या हाताखाली वाढलेली मुलगी या घरात यायला हवी. तिखळ असली तरी. गावात विचारलं तर सांगायला उत्तर आहेच. आणि आम्हाला ताकीद दिली, तुमच्या घरी कुणी हे बोलून दाखवायचं नाही म्हणून. म्हणाल्या, तिनं इतक्या वर्षांनी नाव घेतलंय, ते आपण तिच्याकडून परत घ्यायचं नाही."

म्हणजे, अक्का, आपण कुणाची घागर कुणासाठी भरतोय हे मोठी मायला माहीत होतं. आणि तुमचं ते "हासाले लागनी व्हती" कुठवर पोचलं, हे तुम्हाला कधी कळलं नाही. की कळलं होतं? चष्म्यातून त्या तुमच्याकडे पाहत होत्या तेव्हा तुम्हीही त्यांच्याकडे पाहत होतात. मी तुमच्या बाजूला होते. मला तुमचा चेहरा दिसत नव्हता.

विहीणबाई गेल्यावर मी बराच वेळ आपल्या त्या भांडणाचा विचार केला. माझं म्हणणं असं होतं की खोट्या आकड्याला उत्तर देऊ नये, तो आकडाच पुसावा. तुमचं म्हणणं मला आजवर नीट समजलं नव्हतं. मला वाटायचं तुम्ही आकड्यांना भिता. आता वाटतं, तुम्ही माणसांना भीत होतात. काही वाईट झालं की चार माणसं बोट दाखवायला कुणीतरी शोधतात: हिचा पायगुण, हिची दृष्ट, हिची पाठ. तुमच्याकडेही कुणी दाखवलं असेल. मला माहीत नाही, आणि आता माहीत व्हायचा मार्ग नाही. म्हणून तुम्ही प्रत्येकाच्या पर्समध्ये सुपारी टाकत गेलात. बिघडलंच काही तर बोल सुपारीला लागावा. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तिखळ हा शब्द माझ्या नातवंडांच्या कानावर मी समजावून सांगण्यापुरताच घातला आहे, आणि तो इथेच संपावा अशी माझी इच्छा आहे. पण ज्या दिवशी माझी मुलगी फळ्यासारखी उभी राहणार नव्हती, तो दिवस मी आणला नाही. तुम्ही आणलात. आणि त्यासाठी जे काढून दिलंत ते माझ्या सगळ्या पुस्तकांत नव्हतं.

काल पुन्हा सईचा फोन आला. सुपारीचं उत्तर लिहून पाठवते म्हणून सांगितलं. मग तिनं विचारलं, शाळेत काहीतरी आजी-आजोबांबद्दल सांगायचं आहे तिला, "आत्याआजीला मुलं नव्हती ना गं?"

नाना शेजारी खुर्चीत बसले होते. त्यांनी वर्तमानपत्र खाली घेतलं.

मी म्हटलं, "होती. एक मुलगी. तिचं नाव तापी."

"मला कुणी सांगितलंच नाही. कशी होती ती?"

मला एवढंच माहीत होतं. मी सांगितलं, "हसायला लागली होती."

फोन ठेवल्यावर नानांनी वर्तमानपत्राची घडी घातली. उठले आणि पायात चपला घालून म्हणाले, "चल, आखाजी आली. घागर आणायची आहे."

कुंभाराच्या दुकानापुढे रस्त्यावरच मडक्यांच्या ओळी मांडल्या होत्या. या वर्षी तुमची घागर आपल्या घरी भरायची, ते ठरलेलंच होतं. एवढी रीत मीही पाळते. मी एक चांगली भाजलेली निवडली, बोटानं वाजवून बघितली. मग खाली वाकून आणखी एक घेतली, लहान, ओंजळीत मावेल एवढी. नानांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दोन्ही हातांनी छातीशी धरली.

कुंभार पिशवीत कागद घालत म्हणाला, "किती झाल्या बाई?"

मी लहानीवर बोट ठेवलं.

"लाभ," मी म्हटलं. मग मोठीवर. "दोन."